एक करडा, एक भरलेला: दात उजळवण्याचे सहा आठवड्यांचे प्रकरण

रुग्ण ३४ वर्षांची स्त्री. मागणी एका वाक्यात मावणारी: सहा आठवड्यांनी एक मोठा समारंभ आहे, त्याच्या आदल्या दिवशी निळा लाइट लावून एका बैठकीत दात पांढरे करून हवेत. हे प्रकरण शिकवण्यासाठी जुळवलेले आहे. एकाच तोंडात इतक्या गोष्टी भेटतीलच असे नाही, पण यातली प्रत्येक गोष्ट दंतवैद्याच्या खुर्चीत वारंवार समोर येते.

तपासणीत काय दिसले

वरच्या पटाशीच्या दातांपैकी उजवीकडचा मधला (दंतक्रमांक ११) करडा-तपकिरी. लहानपणी पडून त्याला मार लागला होता आणि पुढे त्याचे रूट कॅनाल झाले होते. शेजारच्या डाव्या मधल्या दाताचा (२१) कोपरा जुन्या काँपोझिटने (दाताच्या रंगाच्या रेझिनने) भरलेला, भरावाच्या कडेला तपकिरी रेघ. उजव्या पहिल्या उपदाढेवरची (१४) हिरडी दोन मिलिमीटर मागे सरकलेली, त्यामुळे मुळाचा पिवळा भाग उघडा. डाव्या दुसऱ्या उपदाढेत (२५) फटीच्या बाजूला लहानशी कीड, नुसत्या डोळ्यांना न दिसणारी, एक्स-रेत सापडलेली. खालच्या पुढच्या दातांना आतून कीटण. वरच्या पुढच्या दातांवर दोन-तीन फिकट पांढरे ठिपके. सुळे इतर दातांपेक्षा गडद, जे बहुतेकांचे असतातच. आणि थंड पाण्याने दात शिवशिवतात ही तक्रार, जी विचारल्यावरच बाहेर आली.

शिवशिवण्याचे कारणही विचारल्यावरच कळले. तीन महिने लिंबाचा रस आणि खाण्याचा सोडा, मग कोळशाची पूड. लिंबाच्या रसाचा पीएच दोन-अडीचच्या आसपास असतो आणि साधारण ५.५ च्या खाली इनॅमल, म्हणजे दाताचे कठीण आवरण, विरघळू लागते. सोड्याने आम्ल काहीसे मारले जाते हे खरे, पण घरी ते प्रमाण कोण मोजतो? आम्लाने मऊ झालेल्या पृष्ठभागावर लगेच पूड घासली की वरचा थर निघतो. दोन दिवस चकाकी येते. पुढे इनॅमल पातळ होते, आतले पिवळसर डेंटिन जास्त दिसू लागते आणि दात आधीपेक्षा पिवळे वाटतात. म्हणून पहिली सूचना कुठल्याही जेलची नव्हती. हा उद्योग आजपासून बंद, एवढीच होती.

इथेच या प्रकरणाचे खरे स्वरूप उघड होते. एका स्मितरेषेत रंगाची पाच कारणे आहेत आणि पेरॉक्साइड, म्हणजे दात उजळवणाऱ्या जेलमधले रसायन, त्यांतल्या प्रत्येकाशी वेगळे वागते. जिवंत दात उजळतील. सुळेही उजळतील, पण हळू. ११ चा डाग आतून आलेला आहे, त्यामुळे बाहेरच्या जेलने तो फारसा हलणार नाही. उघडे मूळ जवळपास जसेच्या तसे राहील. काँपोझिट तर रंग बदलतच नाही, म्हणजे शेजारचा दात उजळला की जुना भराव अधिकच पिवळा दिसेल. एका बैठकीत या सगळ्यावर एकच जेल फासले असते, तर समारंभाच्या सकाळी आरशात पांढऱ्या दातांच्या मधोमध एक करडा दात आणि एक पिवळा कोपरा दिसला असता.

आदला दिवस सर्वांत वाईट का

खुर्चीत बसवून केल्या जाणाऱ्या ब्लीचिंगमध्ये साधारण ३५ ते ४० टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड १५ मिनिटांच्या दोन-तीन फेऱ्यांत लावतात. ओठ ताणलेले, तोंड तासभर उघडे. दात कोरडे पडतात आणि इनॅमलमधले पाणी कमी झाले की त्यात प्रकाश जास्त विखुरतो. खुर्चीतून उठताना दिसणाऱ्या पांढरेपणाचा बराच वाटा या कोरडेपणाचा असतो, आणि दात पुन्हा ओले झाले की एक-दोन दिवसांत तो ओसरतो. प्रक्रियेनंतर लगेच काढलेल्या फोटोवर म्हणूनच विश्वास ठेवू नये. दात सर्वांत जास्त शिवशिवतात तेही पहिल्या २४ ते ४८ तासांत. शिवाय ब्लीचिंगनंतर दातात उरलेला ऑक्सिजन काँपोझिटला नीट घट्ट होऊ देत नाही, त्यामुळे २१ चा भराव दोन आठवडे बदलता येत नाही. आदल्या दिवशी काम केले की ही तिन्ही संकटे नेमकी समारंभाच्या दिवशी एकत्र येतात.

लाइटचे काय? दिव्याने जेल तापते, विघटन वेगाने होते, हा त्यामागचा तर्क. पण काही आठवड्यांनी रंग मोजला तर दिवा लावलेल्या आणि न लावलेल्या दातांत सातत्याने फरक दिसत नाही. उष्णता मात्र दाताच्या पल्पपर्यंत, म्हणजे आतल्या जिवंत मऊ भागापर्यंत, पोचते. झॅक आणि कोहेन यांनी १९६५ मध्ये माकडांच्या दातांवर केलेल्या प्रयोगात पल्पचे तापमान सुमारे ५.५ अंश सेल्सिअसने वाढल्यावर जवळपास १५ टक्के दातांचा पल्प सावरला नाही. आधीच शिवशिवणाऱ्या दातांवर हा धोका घ्यायचे कारण नव्हते.

म्हणजे खुर्चीतली पद्धत वाईट, असे नाही. ट्रेने (घरी जेल घालून दातांवर बसवायच्या साच्याने) ओकारी येणाऱ्याला, एक-दोनच दात उजळवायचे असणाऱ्याला ती योग्य ठरते. मात्र तिथे सगळा भार हिरडीच्या संरक्षणावर असतो. हिरडी हवेने सुकवायची, लाइटने घट्ट होणारे रेझिन दातांच्या कडेवर अर्धा मिलिमीटर चढवून चार-पाच मिलिमीटर रुंदीत, दीड-दोन मिलिमीटर जाडीत लावायचे, दोन दातांमधला त्रिकोण भरायचा, आणि जेल लावण्यापूर्वी छोट्या आरशात उलट बाजूने पाहून कुठे हिरडीची गुलाबी रेघ उघडी नाही ना याची खात्री करायची. बहुतेक भाजणी त्या त्रिकोणातून होते. रुग्णाने ‘इथे झोंबतंय’ म्हटले की तो सहन करण्याचा विषय नाही. जेल त्या जागी ओढून घ्यायचे, भरपूर पाण्याने धुवायचे. हिरडी पांढरी पडते, घाबरायला होते, पण हलकी भाजणी काही तासांत ते एक-दोन दिवसांत भरून येते. जेल काढतानाही आधी ओढून घ्यायचे आणि मग धुवायचे. उलट केले तर पाण्याबरोबर ते गालाकडे आणि जिभेकडे पसरते.

या रुग्णासाठी ठरले ते वेगळे: वरच्या दातांना रात्रीचा ट्रे, ११ ला आतून ब्लीचिंग, आणि काँपोझिट सर्वांत शेवटी. ट्रेची ही पद्धत हेवूड आणि हेमन यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केली आणि तिच्यावर भरपूर अभ्यास झालेला आहे. जेल १० टक्के कार्बमाइड पेरॉक्साइडचे, ज्यातून सुमारे ३.५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड सुटते. उरलेला भाग युरिया. म्हणजे खुर्चीतल्या जेलच्या साधारण दहावा हिस्सा तीव्रता. युरोपीय संघाच्या २०११ च्या निर्देशाने दात उजळवण्याच्या उत्पादनांतून मिळणाऱ्या हायड्रोजन पेरॉक्साइडवर ६ टक्क्यांची मर्यादा घातली, प्रत्येक वेळच्या उपचाराचा पहिला वापर दंतवैद्याकडे किंवा त्याच्या देखरेखीखाली व्हावा असे ठरवले आणि १८ वर्षांखालील व्यक्तींसाठी ती बंद केली. हे जेल त्या मर्यादेच्याही बरेच आत बसते. गरोदरपण आणि स्तनपान नसल्याचे विचारून घेतले. असते तर काम पुढे ढकलले असते.

पहिला आठवडा: जेलशिवाय

पहिल्या दिवशी दात सुकण्यापूर्वी, लिपस्टिक पुसून, खिडकीच्या उजेडात रंग मोजला. व्हिटा क्लासिकल गाइडच्या १६ पट्ट्या उजळ ते गडद अशा क्रमाने लावल्या. २१ आणि बाजूचे दात ए३, सुळे ए३.५, ११ जवळपास सी४, म्हणजे सर्वांत गडद पट्टी. पट्टी दाताच्या कडेला लावून फोटो काढले. हे फोटो पुढे दोनदा कामी आले, कारण रोज आरसा पाहणाऱ्याला बदल दिसत नाही आणि तिसऱ्या आठवड्यात ‘काहीच झालं नाही’ ही तक्रार ठरलेली असते. अपेक्षाही तेव्हाच कागदावर लिहिली: पुढचे दात ए१ च्या आसपास, सुळे त्याहून गडद राहतील, १४ चे मूळ पिवळेच राहील.

स्केलिंग आणि पॉलिशिंग झाले. २५ ची कीड काढून ग्लास आयोनोमरने (भरावाच्या एका सिमेंटने) बंद केली, कारण किडीच्या वाटेने पेरॉक्साइड थेट पल्पकडे जाते. शिवशिव कमी करणारी ५ टक्के पोटॅशियम नायट्रेटची टूथपेस्ट सकाळ-संध्याकाळ सुरू केली.

ट्रेसाठी आल्जिनेटचा ठसा घेऊन लगेच प्लास्टर ओतले. ठसा तासभर पडून राहिला की आक्रसतो आणि ट्रे ढिला होतो. एक मिलिमीटर जाडीची मऊ शीट व्हॅक्यूमवर ताणून कडा कापल्या. साधारणपणे कड हिरडीवर थोडी चढलेली ठेवली तरी या तीव्रतेला चालते, पण १४ पाशी ती इनॅमल संपते तिथेच थांबवली, म्हणजे उघड्या मुळावर जेल साचणार नाही. फक्त वरचा ट्रे दिला. खालचे दात तुलनेला जसेच्या तसे राहतात, आणि वर काही बिनसले तर निम्मेच तोंड बिनसते.

११: जिथे खरे काम होते

आठव्या दिवशी ११ हातात घेतला. त्याआधी एक्स-रे पाहणे अटळ होते. मुळातली गटापर्चा (रूट कॅनालमध्ये भरतात तो रबरासारखा पदार्थ) टोकापासून एक मिलिमीटर अलीकडे, भराव घट्ट, टोकाशी काळी छाया नाही. रूट कॅनाल कच्चे असते तर आधी ते पुन्हा करावे लागले असते; गळक्या मुळावर ब्लीचिंग करत नाहीत. रंगाचे कारणही एक्स-रेतच होते: गटापर्चा आणि सीलर दाताच्या दिसणाऱ्या भागापर्यंत भरून ठेवलेले.

रबर डॅम (दात लाळेपासून वेगळा ठेवणारी रबराची पातळ शीट) लावून मागच्या बाजूने दात उघडला. प्रोबने बाहेरून मोजले तर दाताच्या खालच्या कडेपासून इनॅमल आणि मूळ यांच्या सांध्यापर्यंत ११ मिलिमीटर भरले. गटापर्चा १३ मिलिमीटरपर्यंत काढली आणि वर दोन मिलिमीटर ग्लास आयोनोमरचा अडसर बसवला. या अडसराचा आकार सपाट नको. सांधा दाताच्या दोन्ही बाजूंना दाताच्या खालच्या कडेकडे झुकतो, तेव्हा अडसरही त्या वळणानेच गेला पाहिजे, नाहीतर बाजूच्या डेंटिनमधल्या सूक्ष्म नलिका उघड्या राहतात. इथे कंजुषी केली की पेरॉक्साइड डेंटिनमधून मुळाच्या बाहेरच्या बाजूला झिरपू शकते आणि काही वर्षांनी दाताच्या मानेपाशी, हिरडीलगत, मूळ खाल्ले जाऊ लागते. लहानपणी मार लागलेले दात, ३० टक्क्यांचे पेरॉक्साइड आणि उष्णता या तिन्हींचा या झिजेशी संबंध दिसलेला आहे. पहिली गोष्ट इथे होतीच. बाकीच्या दोन टाळणे हातात होते, आणि टाळल्या.

आत सोडियम परबोरेट आणि डिस्टिल्ड वॉटरचे मिश्रण भरले, ओल्या वाळूसारखे. जास्तीचे पाणी कापसाने टिपले, वर कापसाचा छोटा बोळा, त्यावर दोन मिलिमीटरपेक्षा जाड तात्पुरते सिमेंट. सिमेंट पातळ पडले तर सुटणाऱ्या वायूनेच ते उचलले जाते आणि लाळ आत शिरते. परबोरेटवर बंधने असलेल्या ठिकाणी त्याऐवजी कार्बमाइड पेरॉक्साइड वापरतात.

पंधराव्या दिवशी पाहिले तर दात मानेपाशी थोडा उजळलेला, खालचा अर्धा भाग जसाच्या तसा. असे निम्मे-निम्मे दिसले तर मिश्रण बदलण्यापूर्वी आतली भिंत पाहावी. भिंग लावून कोरड्या दातात पाहिले तेव्हा ओठाकडच्या भिंतीवर जुन्या काँपोझिटचा दाताच्याच रंगाचा पातळ थर सापडला. प्रोबने ओढल्यावर तो काचेसारखा गुळगुळीत लागतो, डेंटिन किंचित खरखरीत. काँपोझिटमधून परबोरेट पलीकडे जात नाही, म्हणून आठवडा वाया गेला होता. थर काढला, पल्पच्या कोपऱ्यांत राहिलेला काळा गाळही निघाला, आणि पुन्हा भरले. बावीसाव्या दिवशी फरक उघड होता. एकोणतिसाव्या दिवशी दात शेजाऱ्यापेक्षा किंचित जास्त पांढरा झाला, आणि तिथेच थांबवले. तो किंचित मागे येतो, हे धरूनच थांबायचे असते.

ट्रेच्या चौदा रात्री

जेलचे प्रमाण प्रत्येक दाताच्या पुढच्या भिंतीशी तांदळाच्या दाण्याएवढा थेंब, दहा दातांना मिळून ०.४ मिलिलिटरच्या आसपास. ट्रे बसवल्यावर बाहेर आलेले जेल बोटाने पुसायचे. रुग्णांची सर्वसाधारण चूक ट्रे काठोकाठ भरण्याची असते. जास्तीचे जेल दाताला लागत नाही, हिरडीला आणि घशाला लागते.

दुसऱ्या सकाळी निरोप आला: ठिपके वाढलेत. ठिपके वाढले नव्हते. ते आधी उजळतात आणि भोवतालचा दात मागून येतो, त्यामुळे पहिले काही दिवस ते उठून दिसतात. आधी सांगितले असते तर हा निरोप आला नसता. सांगायचे राहून गेले होते.

चौथ्या रात्री मधल्या दोन दातांच्या दोन्ही बाजूंना असलेल्या पटाशीच्या दातांत, काही न खाता-पिता, विजेसारखी सणक. पेरॉक्साइडचा रेणू इतका लहान आहे की साधारण १५ मिनिटांत तो पल्पपर्यंत पोचतो, आणि हे दात लहान असल्याने तिथे अंतरही कमी. हा दाह सहसा तात्पुरता असतो. दोन रात्री जेल बंद ठेवले, त्याऐवजी ट्रेमध्ये पोटॅशियम नायट्रेटचे जेल २० मिनिटे. मग एक रात्र सोडून दोन-दोन तास, असे दोनदा. शेवटच्या पाच रात्री रोज दोन तास. १४ पैकी ११ रात्री जेल लागले. दोन तासांनी काम अर्धवट राहते असे वाटते, पण कार्बमाइड पेरॉक्साइडचे विघटन पहिल्या तासांतच सर्वांत वेगाने होते, त्यामुळे नुकसान वाटते तितके नाही.

दोन्ही बाजूंना सारखी, क्षणात येऊन जाणारी सणक ब्लीचिंगची. एकाच दातात, गार पाणी थुंकल्यावरही रेंगाळणारा ठणका किंवा चावताना येणारी कळ ही ब्लीचिंगची समजू नये. तिथे भेग किंवा कीड शोधावी.

डाव्या सुळ्याजवळची (२३) हिरडी लालही झाली होती. तिथे दोष जेलचा नव्हता, ट्रेची कड खरखरीत राहिली होती. कड घासून गुळगुळीत केल्यावर दोन दिवसांत लाली गेली.

भराव आणि पुढे

बावीसाव्या दिवशी ट्रे थांबला तेव्हा पुढचे दात बी१ ला, म्हणजे सर्वांत उजळ पट्टीला, लागत होते. छत्तीसाव्या दिवशी ए१. हा एका पट्टीचा उतार अपेक्षित होता, आणि भरावाचा रंग याच दिवशी निवडण्याचे कारणही तेच. बावीसाव्या दिवशी निवडला असता तर कोपरा कायमचा जास्त पांढरा राहिला असता. २१ चे जुने काँपोझिट काढून नवे बसवले. रंग निवडताना दात ओला ठेवला, आणि निवडलेल्या रंगाचा थेंब न चिकटवता दातावर कडक करून आधी पाहून घेतला.

११ मध्ये ब्लीचिंग थांबल्यापासून कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरलेले होते. त्याचा पक्का भराव समारंभानंतर, त्रेचाळिसाव्या दिवशी केला. तो मागच्या बाजूला असल्याने दिसण्याचा प्रश्न नव्हता. घाई केली असती तर सांधा कच्चा राहून तिथूनच लाळ झिरपून रंग परत आला असता. २५ चे ग्लास आयोनोमरही त्याच बैठकीत पक्क्या भरावाने बदलले.

सुळे ए२ वर थांबले. आणखी काही रात्री फक्त सुळ्यांपाशी जेल घालता आले असते. ते केले नाही, कारण सुळा पुढच्या दातांइतकाच पांढरा झाला की ओळ कवळीसारखी सपाट दिसते. यावर दुमत असू शकते. रुग्णाला दोन्ही बाजू सांगितल्या, आणि त्यांनीही थांबायचे ठरवले.

ट्रे आणि प्लास्टरचा नमुना त्यांच्याकडेच दिला. रंग उतरल्यासारखा वाटला तर वर्ष-दोन वर्षांनी दोन-तीन रात्री पुरतात, पण त्याआधी कीड आणि हिरडी तपासून घ्यायची. उरलेल्या सिरिंज फ्रीजमध्ये ठेवायच्या, गोठवायच्या नाहीत. ११ चा एक्स-रे सहा महिन्यांनी आणि नंतर दरवर्षी. मानेपाशी मूळ झिजू लागले तर सुरुवातीला दुखत नाही, एक्स-रेतच दिसते.